आईला सांगितलेलं राजाचं मरण

मला पुस्तकात मुंडकी उडालेली आवडतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. आमच्या ऑफिसातल्या बायका मनःशांतीची आणि पहाटे पाचला उठण्याची पुस्तकं वाचतात, एकमेकींना देतात, वाढदिवसाला मलाही देतात. मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर नीट लावून ठेवते आणि उघडत नाही. माझ्या पर्समध्ये असते सहा-सातशे पानांची जाडजूड इंग्रजी कादंबरी, आणि तिच्यात मध्ययुगातले इंग्लंडचे राजे आणि त्यांचे सख्खे नातेवाईक एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. नागपूरबाहेर मिहानला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास मी कुणाशी बोलत नाही. शेजारच्या सीटवरच्या मुलीनं एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून अर्धं पान वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुढे जाऊन बसायला लागली.

त्या पानावर काय होतं ते आता आठवत नाही, पण अंदाज करता येतो. शिकारीला गेलेल्या राजाच्या छातीत आपल्याच माणसाचा बाण घुसतो, आणि धाकटा भाऊ प्रेत तिथंच टाकून गादीवर बसायला घोडा पिटाळतो. एक राजा एका सरदाराच्या बायकोला आणि तिच्या मुलाला तळघरात कोंडून उपाशी मारतो. एक काका आपल्या दोन पुतण्यांना बुरुजात ठेवतो, आणि एका उन्हाळ्यानंतर ती मुलं खिडकीत दिसेनाशी होतात. धरमपेठेतल्या लायब्ररीचे म्हातारे मालक मला पायरीवर पाहिलं की आतूनच ओरडायचे, "मॅडम, तुमच्यासाठी खून आणून ठेवलेत." मला त्याची लाज वाटत नसे. भूक लागल्यासारखी मी ती पुस्तकं वाचत असे.

का, ते मला पक्कं ठाऊक आहे. मारणारा माणूस मी घरबसल्या पाहिला होता. माझे वडील कामठीला पॉवरलूमवर होते. लूमच्या खोलीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, तसे ते घरीही ओरडत, पण ओरडण्याचं काही नव्हतं, त्याची सवय होते. ते हातानं मारत, पट्ट्यानं मारत, आणि हातात जे असेल त्यानं मारत. जेवणात मीठ कमी पडलं, दार उघडायला उशीर झाला, आई शेजारणीशी हसून बोलली, काहीही पुरायचं. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी आईच्या मनगटावर लूमचा धोटा घातला. धोटा म्हणजे लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेला, सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारा. हाडाचा आवाज मी ऐकला. ओली काडी मोडावी तसा बारीक आवाज होता, आणि आई ओरडली नाही म्हणून तो स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन बसनं मौद्याच्या पुढे आपल्या माहेरी गेली. मामानं हात पाहिला, हळद लावून फडकं बांधलं, आम्हाला जेवू घातलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये बसवून परत आणून सोडलं. वडिलांना म्हणाला, "भाऊजी, जरा सांभाळून घ्या." चहा प्याला आणि गेला. आईचं उजवं मनगट तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वाकडं आहे. पोळी लाटताना ती लाटणं एका बाजूनं जास्त दाबते, त्यामुळे आमच्या घरच्या पोळ्या कधी गोल झाल्या नाहीत.

राजांच्या पुस्तकांत मला काय मिळालं, तर तिथं मारणाऱ्याचाही नंबर लागतो. आज ज्यानं दुसऱ्याचे डोळे काढले, शंभर पानांनी त्याचेही कुणीतरी काढतं. वाचताना मला बरं वाटायचं. पोटातून बरं वाटायचं. आमच्या घरी कुणाचा नंबर लागला नव्हता. वडील वय झाल्यावर सुखानं कामावरून सुटले, देवळाच्या कट्ट्यावर बसून लोकांना संसार कसा करावा ते सांगायला लागले, आणि आई त्यांना वेळेवर चहा देत राहिली.

मग अडीच वर्षांपूर्वी वडिलांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं की दिसायचंही. मी लग्न केलेलं नाही, नागपुरात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, मी दोघांना तिथं घेऊन आले. दिवसभर मी ऑफिसला आणि घरात आई आणि ते. आई त्यांना पुसायची, कूस बदलायची, पेज भरवायची, सगळं गुपचूप करायची. लोक म्हणायचे, काय सेवा करते बिचारी. मीही म्हणायचे.

आल्यावर महिन्याभरात आईनं एक विषय काढला. तिच्या गावाकडे लकव्याला डाग देतात. विळा किंवा सळई लाल करून बधिर अंगाला टेकवायची, म्हणजे नस मोकळी होते असं म्हणतात. तिच्या आजोबांना दिले होते, ते उठून चालायला लागले होते म्हणे. मी ताडकन म्हणाले, "माय, वेडी झाली का तू? पोलीस येतीन घरी." ती म्हणाली, "बरं बाई, राहू दे." डॉक्टरांनीही तिला समोर बसवून समजावलं. विषय संपला, असं मला वाटलं.

रविवारची दुपार आमची असायची. वडील आतल्या खोलीत झोपलेले, आई बाहेर खाली बसून मेथी नाहीतर लसूण निवडत असायची आणि मी दिवाणावर पाय वर घेऊन वाचत. एका रविवारी मी वाचता वाचता हसले असेन. आई म्हणाली, "काय हासून राहिली वं? काय आहे त्या पुस्तकात?" मी म्हटलं, एका राजाची गोष्ट आहे. "मग मलेही सांग ना."

तेव्हापासून दर रविवारी मी सांगायला लागले. त्या राजांची नावं चार-पाचच, तीच आलटून पालटून सगळ्यांना. मलाच घोळ व्हायचा, म्हणून आईसाठी मी नावं काढूनच टाकली. तिला नावं नकोच होती. तिला नाती हवी होती. कोण कुणाचा जेठ, कोण देर, कुणाची सवत, कुणाचं माहेर कुठलं. एवढं कळलं की तिचं भागायचं. राज्य कशाला म्हणतात, पार्लमेंट काय असते, असले प्रश्न ती विचारत नसे. पण एखाद्या सरदाराचं डोकं भाल्यावर लावून वेशीवर ठेवलं म्हटलं की ती विचारायची, "त्याच्या बायकोले तिथून जा लागे का रोज?" असा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

मग त्या राणीची गोष्ट सुरू झाली. राणी फ्रान्सची, इंग्लंडच्या राजाला दिलेली. राजाचं तिच्याकडे लक्ष नाही. त्याचा एक लाडका सरदार, तो म्हणेल ती पूर्व दिशा. त्या दोघांनी तिच्या जमिनी काढून घेतल्या, तिची माणसं हाकलली, तिची लेकरं दुसऱ्यांच्या ताब्यात दिली. मग काही निमित्तानं राणीला माहेरी पाठवलं आणि ती परत यायला तयार होईना. आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "भाऊ काय म्हणे तिचा?"

तिचा भाऊ फ्रान्सचा राजा होता. पुस्तकात पुढे असं होतं की त्यानं थोडे दिवस ठेवून घेतलं, मग लोक बोलायला लागल्यावर बहिणीला दरबारातून निघून जायला सांगितलं, आणि तिनं फौज दुसरीकडून उभी केली. ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी आईच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भावानं फौज देली तिले. म्हणे जा, आणि राज्य घे त्याच्यापासून."

आईनं मांडीवर थाप मारली. सत्तरीच्या माझ्या आईनं, जिला मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, मांडीवर थाप मारली. "असा पाहिजे भाऊ!" म्हणाली. मला इतका आनंद झाला की आपण खोटं बोललो हे मी त्याच क्षणी विसरले.

त्यानंतर तिला ती एकच गोष्ट हवी असायची. राणी फौज घेऊन उतरली, लोक तिला येऊन मिळाले, राजा आणि तो सरदार पळाले, पावसात धरले गेले. सरदाराला उंच शिडीवर बांधून, सगळ्या गावाला दिसेल असं, जिवंतपणी पोट फाडून आतडी जाळली. राणी समोर मंडपात बसून जेवत होती. "काय जेवली?" आईनं विचारलं. पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, मटण असेल. आई म्हणाली, "मले तर घास गेला नसता," आणि मेथीची काडी खुडता खुडता, "गेला असता कदाचित."

राजाचं मरण मी दोन रविवार टाळलं. आईनं तिसऱ्या रविवारी निवडणं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सांग आता. राजाले काय केलं?" मी सांगितलं. त्याला एका किल्ल्यात कोंडलं. खोलीखालच्या खड्ड्यात मेलेली जनावरं टाकली, वासानं मरेल म्हणून. तो मेला नाही. मग एके दिवशी माणसं आली, त्याला पालथा पाडलं, वर जड गाद्या आणि टेबल ठेवून दाबून धरलं, आणि लोखंडाची सळई लाल करून आत खुपसली, बाहेर खूण दिसू नये अशा जागी.

आई म्हणाली, "आवाज आला असंन."

"गावात ऐकू गेला म्हणते पुस्तक. लोक उठून बसले घराघरात."

"कोणी आलं नाही?"

"नाही."

"हो," आई म्हणाली. "कोणी येत नाही." आणि तिनं लसूण पुढे ओढला.

त्या कादंबरीच्या शेवटी लेखिकेची टीप होती. सळईची गोष्ट बहुधा मागाहून कुणीतरी रचलेली आहे, तो राजा तसा मेला याला धड पुरावा नाही, असं तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ती टीप मी वाचली, पुस्तक मिटलं आणि आईला सांगितली नाही. तो तसाच मेला असावा असं मला वाटत होतं. आईलाही तसंच वाटावं, अशी माझी इच्छा होती. हे मी आज इतक्या सरळ लिहू शकते. तेव्हा मी स्वतःला एवढंच म्हटलं की म्हातारीची मजा कशाला घालवा.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ऑफिसात सर्व्हर बसला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी तीनला घरी पोचले. किल्ली माझ्याकडे असते, बेल वाजवली नाही, कारण त्या वेळी वडील झोपलेले असतात. दार लोटलं तर स्वयंपाकघरात गॅस पेटलेला, त्यावर काही नाही, आणि घरभर तापल्या लोखंडाचा वास. आतून आईचा आवाज येत होता. रविवारी मी जशी सांगते तशी, थांबत थांबत, ती सांगत होती.

"...मंग त्याले खाली पाडलं. वर गाद्या टाकल्या. चार माणसं बसले त्याच्या आंगावर. राजा होता, पण हालता नाही आलं त्याले."

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वडील उशांना टेकून बसवलेले, पायजमा दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. आई स्टुलावर बसली होती. तिच्या वाकड्या हातात पोळी उलटायचा लोखंडी सराटा होता, मुठीला फडकं गुंडाळलेलं, आणि टोक लाल.

"डाग देल्ल्यानं रग मोकळी होते," ती वडिलांना समजावत होती, अगदी पेज भरवताना बोलते त्याच आवाजात. "माझ्या आबाले देल्ले होते. तुमी चालान-फिरान. पहिले हा पाय. हा सुन्न आहे, याले काही कळणार नाही." आणि तिनं सराटा त्यांच्या उजव्या पोटरीवर टेकवला.

चर्र झालं. आधी केस जळल्याचा वास आला, मग दुसरा. वडिलांचा पाय हलला नाही. त्यांना दुखलं की नाही ते मला माहीत नाही, पण ते पाहत होते. आपल्याच पायातून धूर निघताना ते पाहत होते, आणि त्यांचं तोंड एका बाजूनं उघडं पडलं होतं. आईनं सराटा उचलला. कातडीवर सराट्याच्या रुंदीची पांढरी खूण होती, कडेनं लाल होत चाललेली.

"आता हा," आई म्हणाली, आणि डाव्या पायाकडे सरकली. त्या पायाला सगळं कळत होतं.

ती औषध करत होती की सूड घेत होती, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते. तिलाही ते ठाऊक नसावं. पण मी माझ्यापुरतं सांगू शकते. माझी पर्स खांद्यावर होती, दाराला हात होता, दोन पावलं टाकली असती तर तिचा हात माझ्या हातात आला असता. मी हलले नाही. घाबरून थिजले असं म्हणायला सोपं आहे, पण मी थिजले नव्हते. माझा श्वास नीट चालू होता. पान उलटायच्या आधी वाटतं तसं मला वाटत होतं. पोटातून बरं वाटत होतं.

वडिलांची नजर तेव्हा माझ्यावर पडली. त्यांचा डावा हात गादीवर एक-दोनदा आपटला. ते मला बोलावत होते. ते इतकं स्पष्ट होतं, की त्याला शब्द नसले तरी चाललं. आईनं त्यांच्या डोळ्यांच्या रोखानं मागे वळून पाहिलं, आणि ती मला पाहून दचकली नाही. माझा चेहरा पाहून दचकली. तिनं सराटा शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो फुसफुसला, आणि त्या आवाजासरशी वडील ओरडले. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला, लांब आणि फाटका.

"कवाची उभी आहे तू इथं?" आईनं विचारलं.

"राजाले खाली पाडलं तवापासून."

ती उठली. "मंग थांबवलं काहून नाही वं मले?" ती म्हणाली, आणि मग ओरडून, "काहून नाही थांबवलं? मी म्हातारी बाई आहो, माझं डोकं फिरलं असंन. तू तर शिकलेली आहे ना?"

मी खोटं बोलू शकले असते. रविवारी मी ते सहज करत होते. पण तोंडातून खरंच निघालं. म्हणाले, "मले पुढचं पाहाचं होतं."

आईनं माझ्या कानशिलात लावली. वाकड्या मनगटाचा हात, नीट बसला नाही, पण लागला. तिनं आयुष्यात कुणाला मारलेलं मी पाहिलं नव्हतं. मग ती वडिलांकडे वळली, त्यांचा जळलेला पाय मांडीवर घेतला आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. मी जाऊन गॅस बंद केला.

डॉक्टरांना आम्ही गरम पाण्याची पिशवी फुटली असं सांगितलं. त्यांनी जखमेकडे पाहिलं, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि मलम लिहून दिलं. जखम दीड महिन्यात भरली. आई आता रविवारी गोष्ट मागत नाही. मेथी घेऊन आतल्या खोलीत, वडिलांच्या पायाशी जाऊन बसते आणि त्यांच्याशी भाजीच्या भावाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, काहीबाही बोलते. पुस्तकं मी अजून वाचते. सुटतील असं वाटलं होतं, नाही सुटली.

आईच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, म्हणून सुटीच्या दिवशी वडिलांना भरवायचं काम मी घेऊन पाहिलं. तेव्हा कळलं. जिनं डाग दिला तिच्या हातून ते मुकाट्यानं खातात, वाटीभर पेज संपवतात, कधी तिचा पदर धरून ठेवतात. मी चमचा घेऊन जवळ गेले की ते दात मिटून घेतात आणि डाव्या हातानं पायावरची चादर ओढून घेतात. मी दारात उभी होते, तेव्हा माझा चेहरा त्यांनी आईच्या आधी पाहिला होता. त्यामुळे सुटीच्या दिवशीही आईच भरवते, आणि मी बाहेर बसते.